पहिल्यांदाच ससा पाळायचा आहे: विदर्भातल्या खेड्यात कोणती तयारी करावी?

प्रश्न | दारव्हा तालुक्यातील एक आई

नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात राहतो. माझी मुलगी पाचवीत आहे आणि तिला ससा पाळण्याची फार इच्छा आहे. आमच्या घरी दोन गाई, एक गोऱ्हा आणि काही कोंबड्या आहेत, त्यामुळे जनावरांची देखभाल आम्हाला नवी नाही. परंतु ससा आमच्या घरात आजवर कोणी पाळलेला नाही. आठवडी बाजारात एक विक्रेता पांढऱ्या सशांच्या पिल्लांची जोडी विकतो आणि दिवाळीच्या सुमारास ती आणावी, असे यजमानांचे म्हणणे आहे.

मला काही शंका आहेत. आमच्या घराच्या पुढच्या भागावर कवेलू आहेत आणि मागच्या भागावर टिन आहे. मे महिन्यात त्या टिनाखाली माणसालाही बसवत नाही, तेथे ससा टिकेल काय? सशाला पाणी पाजले की तो मरतो, असे शेजारच्या काकू ठामपणे सांगतात, ते खरे आहे काय? गाईंसाठी आणलेला कडबा, ढेप आणि सोयाबीनचे कुटार त्याला चालेल काय? आणि तो आजारी पडल्यास गाईंना पाहणारे डॉक्टर त्यालाही पाहू शकतील काय? मुलीला मी अजून होकार दिलेला नाही. आणल्यावर हाल होणार असतील, तर न आणलेले बरे असे मला वाटते, म्हणून अनुभवी मंडळींनी मोकळेपणाने सांगावे.

उत्तर १ | वर्धा जिल्ह्यातील वाचक

ताई, होकार देण्यापूर्वी आपण विचारले, हे फार चांगले केले. आमच्या घरी अनेक वर्षांपासून ससे आहेत. त्या अनुभवावरून सांगते की आपल्या भागात सशाचा सर्वांत मोठा शत्रू मांजर किंवा कुत्रा नसून उन्हाळा आहे. घरात पाळला जाणारा ससा हा मूळच्या युरोपातल्या, जमिनीखाली बिळे करून राहणाऱ्या सशाचा वंशज आहे. त्याला घाम येत नाही, कुत्र्यासारखे धापा टाकूनही त्याचे अंग फारसे थंड होत नाही. शरीरातील उष्णता तो मुख्यतः कानांतल्या रक्तवाहिन्यांमधून बाहेर टाकतो आणि भोवतालची हवाच तापलेली असली, की तोही मार्ग बंद पडतो. तापमान ३० अंशांच्या वर गेले की त्याला त्रास सुरू होतो आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. म्हणून टिनाखालची जागा मनातून पूर्णपणे काढून टाका. त्या टिनावर तणस टाकले किंवा पाणी शिंपडले, तरी सशासाठी ते पुरेसे होणार नाही.

आपल्या कवेलूच्या भागात जाड मातीच्या भिंतींची एखादी खोली असेल, तर तीच त्याची उन्हाळ्यातली जागा समजा. खाली शहाबादी फरशी असल्यास उत्तमच. आमच्याकडे वाळ्याच्या ताट्यांचा कूलर दुपारभर चालतो आणि समोरची खिडकी उघडी ठेवलेली असते, कारण हवा बाहेर जायला वाट नसेल तर खोलीत नुसती दमट वाफ साचते. नुसत्या पंख्याचा सशाला फारसा उपयोग नाही. आपल्याला पंख्याने गार वाटते ते घामामुळे, आणि त्याला घामच नसतो. वीज गेल्यास काय करायचे, याचा विचार मात्र आधीच करून ठेवावा लागतो. आम्ही एक जुना, तोंडाशी फुटलेला रांजण कडा घासून ओल्या रेतीत आडवा बसवला आहे आणि त्यावर भिजवलेले गोणपाट टाकतो. वीज नसताना ससे आपणहून त्यात जाऊन बसतात. बर्फ झालेली पाण्याची बाटली जुन्या कापडात गुंडाळून जवळ ठेवली, तरी तिला टेकून ते बसतात.

ससा तोंड उघडून श्वास घेत असेल, कान लाल आणि गरम झाले असतील, तोंडाला लाळ लागली असेल किंवा तो लुळा पडला असेल, तर त्याला ऊन लागले असे समजावे. अशा वेळी त्याला बर्फाच्या पाण्यात बुडवू नये, त्या धक्क्याने तो दगावू शकतो. साध्या गार पाण्याने कान आणि पाय ओले करावे, सावलीत वारा घालावा आणि थोडा सावरताच लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

पाण्याविषयी आपल्या काकूंचा समज चुकीचा आहे. हा समज आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी आहे आणि त्यापायी किती तरी मुके जीव उन्हाळ्यात तहानेने तडफडले असतील, याचे मला मनापासून वाईट वाटते. पावसाळ्यात ओले गवत भरपूर खाणारा ससा पाणी कमी पितो, इतकेच. एरवी दोन किलोचा ससा दिवसाला शंभर ते तीनशे मिलिलिटर पाणी सहज पितो आणि उन्हाळ्यात त्याहूनही अधिक. मातीचे जड, सहज न कलंडणारे भांडे ठेवावे आणि पाणी दोन वेळा बदलावे. त्याला आंघोळ मात्र कधीही घालू नये, कारण त्याचा केसाळ थर लवकर वाळत नाही आणि पाण्याच्या भीतीने तो जबर घाबरतो.

राहण्याच्या जागेबद्दल एवढेच सांगते, की बाजारात मिळणारा लहान पिंजरा घेऊ नका. तीन उड्या मारता याव्यात आणि मागच्या पायांवर ताठ उभे राहता यावे, इतकी जागा किमान हवी, शिवाय दिवसातून काही तास मोकळे फिरणे हवेच. तळाला जाळी असेल तर त्याच्या टाचांना जखमा होतात, कारण त्याच्या पायांना कुत्र्या-मांजरासारख्या गाद्या नसतात.

उत्तर २ | निवृत्त पशुधन विकास अधिकारी, अमरावती जिल्हा

वरील ताईंनी उन्हाळ्याविषयी लिहिलेले सर्व योग्य आहे. मी प्रकृतीविषयी लिहितो, कारण गाय पाळणाऱ्या घरात ससा आला की त्याच्याकडे गाईच्या नजरेने पाहिले जाते आणि तेथेच घोटाळा होतो.

ससा रवंथ करत नाही. त्याला एकच पोट असते आणि चाऱ्याचे खरे आंबवणे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला असलेल्या पिशवीत होते. तेथे तयार होणाऱ्या मऊ, द्राक्षाच्या घोसासारख्या लेंड्या तो थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. ही घाणेरडी सवय समजून त्याला रोखू नये, कारण त्यातूनच त्याला जीवनसत्त्वे आणि प्रथिने मिळतात. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजण्यासाठी त्याला तंतुमय गवत सतत चावत राहावे लागते. पोळी, भात, बिस्कीट, फुटाणे किंवा ढेप देऊन वाढवलेल्या सशाचे दात वाढून गालात रुततात, पोटात वायू धरतो आणि आतड्यांची हालचाल मंदावते. त्याला उलटी करता येत नाही. म्हणून ससा दहा-बारा तास काही खात नसेल आणि लेंड्या बंद झाल्या असतील, तर सकाळपर्यंत वाट पाहू नये. गाय एक वेळ चारा सोडते तेव्हा आपण थांबून पाहतो, सशाच्या बाबतीत तसे थांबणे प्राणावर बेतते.

आता आपल्या चौथ्या प्रश्नाकडे येतो. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर सशाला तपासू शकतात. मात्र त्यांचा दिवस गाई, म्हशी आणि शेळ्यांत जातो, हे ध्यानात घेऊन ससा आणण्यापूर्वीच त्यांची भेट घ्या आणि ते ससे पाहतात काय, हे विचारा. नसल्यास यवतमाळच्या जिल्हा पशु सर्वचिकित्सालयात चौकशी करा. शस्त्रक्रियेसारख्या मोठ्या कामासाठी नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था ही दोन्ही ठिकाणे आपल्या आवाक्यात आहेत. दूरध्वनी क्रमांक आधीच घरात लिहून ठेवावेत.

दोन प्रकारच्या औषधांची नावे मात्र पालकाने स्वतः पाठ करून ठेवावीत. पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन ही प्रतिजैविके तोंडावाटे दिल्यास सशाच्या आतड्यातले उपयुक्त जीवाणू मरतात आणि जीवघेणी हगवण लागते. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी वापरले जाणारे फिप्रोनिलचे थेंब किंवा फवारा हा सशाला विषासमान आहे. घरी कुत्र्यासाठी आणलेले औषध थोडेसे सशालाही लावू, असा विचार पुष्कळ जण करतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो. कानात पिवळट खपल्या धरणे किंवा नाकावर व पंजांवर पांढरी पापडी येणे हा बहुधा खरजेचा प्रकार असतो. त्यावर चांगले उपचार आहेत, पण मात्रा वजनानुसार डॉक्टरांनीच ठरवावी. यातला एक प्रकार माणसालाही खाज आणतो, तेव्हा मुलीला हात धुण्याची सवय लावावी.

आता जोडीविषयी. ससा समूहात राहणारा प्राणी आहे आणि त्याला सोबती हवाच असतो, हे मी अमान्य करत नाही. परंतु नर व मादी सांभाळून ठेवले नाहीत, तर वर्षभरात घर सशांनी भरून जाईल. मादी चौथ्या-पाचव्या महिन्यातच गाभण राहू शकते, साधारण ३१ दिवसांत विते आणि व्याल्यानंतर लगेच पुन्हा गाभण राहू शकते. दोन नर एकत्र ठेवले, तर वयात आल्यावर ते एकमेकांना रक्तबंबाळ करतात. म्हणून नराचे खच्चीकरण करून मगच जोडी एकत्र ठेवावी आणि शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे त्याला मादीपासून दूर ठेवावे, कारण तेवढा काळ त्याच्यात प्रजननक्षमता उरलेली असते. मादीचेही गर्भाशय काढणे हिताचे असते. न काढल्यास वय वाढल्यावर गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण सशांमध्ये फार मोठे आहे. शस्त्रक्रियेपूर्वी कुत्र्याला उपाशी ठेवतात तसे सशाला ठेवू नये, हे तेथील डॉक्टरांना विचारून पक्के करून घ्यावे.

बाजारात विकली जाणारी पांढरी, लाल डोळ्यांची पिल्ले पुष्कळदा न्यूझीलंड व्हाइट या मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या जातीची किंवा तिच्या संकराची असतात. आज तळहातावर मावणारे पिल्लू पुढे चार-पाच किलोंचे होते आणि नीट सांभाळल्यास आठ-दहा वर्षे जगते. आपली मुलगी तोपर्यंत महाविद्यालयात गेलेली असेल. त्या वेळी त्याचे कोण करणार, हे घरात बसून आताच ठरवावे.

उत्तर ३ | कास्तकार, मूर्तिजापूर तालुका

डॉक्टर साहेबांनी गवत द्या असे सांगितले, पण कुठले गवत आणि कुठून, हा आपल्या भागात मोठा प्रश्न आहे, म्हणून लिहितो.

कपाशीच्या, सोयाबीनच्या किंवा तुरीच्या वावराच्या धुऱ्यावरचे, म्हणजे बांधावरचे, गवत सशाला कदापि देऊ नये. आषाढापासून दिवाळीपर्यंत कुठे ना कुठे फवारणी चालू असते, वाऱ्याने ती धुऱ्यावर येते आणि धुऱ्यावर तणनाशकही मारले जाते. २०१७ साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे; त्याच औषधाचा अंश दोन किलोच्या जिवाच्या पोटात गेल्यावर काय होईल, याचा विचार करावा. शेजाऱ्याने आज फवारले की काल, हे प्रत्येक वेळी कळत नाही. त्यापेक्षा परसात एक वाफा हराळीचा आणि एक मारवेलचा लावावा. मारवेल एकदा लागला की वर्षानुवर्षे राहतो आणि न्हाणीच्या पाण्यावर त्याला पोसू नये, साबणाशिवायचे पाणी द्यावे.

वाळलेल्या गवतासाठी हेच दिवस आहेत. पाऊस उघडल्यावर, कोजागिरीच्या आगेमागे, पडितातले गवत फुलोऱ्यात येते तेव्हा कापावे, दोन-तीन दिवस उलटसुलट करून वाळवावे आणि सावलीत, जमिनीपासून उंच रचावे. हिरवट रंग आणि वास टिकला तर गवत साधले असे समजावे. उशीर केल्यास कुसळीला टोकदार कुसळे येतात आणि ती सशाच्या हिरडीत व डोळ्यात रुततात. एका सशाला दिवसाला शंभर ग्रॅम धरले, तरी वर्षाचे चाळीस किलोच्या आसपास गवत होते आणि नासधूस धरून मी दीडपट ठेवायला सांगेन. ताई, आपण दिवाळीत ससा आणणार असाल, तर गवत आधी घरात आले पाहिजे. चैत्र-वैशाखात हिरवे पानही मिळेनासे होते, तेव्हा हीच गंजी कामी येते. काळी पडलेली किंवा बुरशीचा वास येणारी पेंढी तशीच फेकून द्यावी, ती गाईलाही घालू नये.

घरातल्या बाकी चाऱ्याविषयी माझे मत असे: सरकीची ढेप देऊ नये, त्यातले विषारी द्रव्य गाय पचवते, ससा पचवू शकत नाही. सोयाबीनच्या कुटारात कच्चे दाणे राहिलेले असतात, ते पोट बिघडवतात, शिवाय ते फवारलेल्या पिकाचे असते. वाळलेल्या कडब्याची पाने थोडी दिल्यास हरकत नाही, परंतु कोवळी किंवा खोडव्याची हिरवी ज्वारी जशी ढोरांना विषासारखी लागते तशी सशालाही लागेल. सुबाभूळ शेळ्या आवडीने खातात म्हणून सशाला घालू नये, त्याने केस गळतात. गाजरगवत, रुई, कण्हेर, धोतरा आणि एरंडी त्याच्या वाटेत असता कामा नये. लसूणघास पिल्लांना चालतो. मोठ्या सशाला रोज दिल्यास त्यातल्या चुन्याने (कॅल्शियमने) मूत्रमार्गात त्रास होतो, असे मी डॉक्टरांकडूनच ऐकले आहे. कोथिंबीर, मुळ्याचा पाला आणि मेथी रोज मूठभर द्यावी, धुऊन. गाजर आणि संत्र्याची फोड गोड असते, म्हणून क्वचितच आणि नखाएवढी.

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला आहे, विहिरीचे पाणी मचूळ. जे पाणी आपण पितो तेच सशाला ठेवावे, असा आमच्या घरचा नियम आहे.

प्रश्नकर्तीचे पुढील विचारणे

सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. गवताविषयी वाचून यजमानांनी पडितातले गवत उद्याच कापायला सांगितले आहे. दरम्यान माझ्या भावाच्या वावरात सोयाबीन काढताना सशाची दोन पिल्ले सापडली आहेत. आई जवळ नव्हती. बाजारातून विकत घेण्यापेक्षा हीच पोरकी पिल्ले वाढवावीत काय?

उत्तर ४ | चंद्रपूर जिल्ह्यातील वाचक

ताई, कृपया ती पिल्ले घरी आणू नका. आपल्या वावरात दिसणारा भुरकट, लांब कानांचा ससा हा पाळीव सशाचा भाऊबंद असला, तरी निराळा प्राणी आहे. तो बिळे करत नाही. त्याची पिल्ले जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात आणि आई त्यांना गवताच्या आडोशाला सोडून दिवसभर दूर राहते, कारण ती जवळ थांबली तर कोल्हा किंवा कुत्रा तिच्या मागावर पिल्लांपर्यंत येईल. अंधार पडल्यावर ती येते, थोडा वेळ दूध पाजते आणि पुन्हा निघून जाते. त्यामुळे आई जवळ दिसली नाही, म्हणून पिल्ले पोरकी ठरत नाहीत. घरी आणलेली अशी पिल्ले गाईच्या दुधावर क्वचितच जगतात आणि जगली, तरी माणसाच्या भीतीने आयुष्यभर भिंतीवर आपटत राहतात. हा ससा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित आहे, त्यामुळे त्याला पकडणे किंवा घरी ठेवणे हा गुन्हाही ठरतो.

भाऊंना सांगा, की पिल्ले सापडली तिथून काही पावलांवर, मळणीयंत्राच्या आणि हार्वेस्टरच्या वाटेबाहेर, गवताच्या झुपक्यात ठेवावीत, गावातली कुत्री त्या बाजूला फिरकू देऊ नयेत आणि रात्री तिकडे विजेरी घेऊन जाऊ नये. हातात स्वच्छ कापड किंवा गवत धरून उचलावे. पिल्लू जखमी असेल, तरच वन विभागाच्या जवळच्या कार्यालयाला कळवावे.

उत्तर ५ | वर्धा जिल्ह्यातील वाचक

चंद्रपूरच्या दादांनी अगदी योग्य सांगितले. आता राहिलेली गोष्ट बाजारातल्या पिल्लांची.

ताई, जोडी घ्यायची घाई करू नका आणि टोपलीतले सर्वांत लहान पिल्लू तर मुळीच घेऊ नका. विक्रेते तीन-चार आठवड्यांची पिल्ले आणतात, कारण ती गोड दिसतात. आठ आठवड्यांपूर्वी आईपासून तोडलेले पिल्लू पोट बिघडून काही दिवसांतच जाते आणि मुलांच्या मनावर त्याचा फार परिणाम होतो. त्यापेक्षा एखाद्या घरी ससे झाले असतील किंवा कुणाला सांभाळणे होत नसेल, तर तेथून मोठा ससा घ्यावा. पिल्लू घेतलेच, तर मागचा भाग कोरडा आणि स्वच्छ आहे काय, नाक वाहत आहे काय, पुढच्या पंज्यांच्या आतल्या बाजूचे केस चिकटलेले आहेत काय, हे पाहावे; सर्दी झालेला ससा पंज्यांनी नाक पुसतो. नर की मादी याविषयी विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये, डॉक्टरांकडून पाहून घ्यावे.

मुलीला एक गोष्ट पहिल्याच दिवशी शिकवा. सशाला कानांना धरून उचलायचे नाही. बाजारात सर्रास तसे उचलतात, पण त्याने त्याला भयंकर वेदना होतात. एक हात छातीखाली आणि दुसरा पुठ्ठ्याखाली घेऊन, अंगाशी धरून उचलावे. मागचे पाय लोंबकळले तर तो जोराने लाथ झाडतो आणि त्या झटक्याने त्याचाच कणा मोडू शकतो. खरे तर लहान मुलांनी त्याला उचलूच नये, जमिनीवर बसून त्याला आपणहून जवळ येऊ द्यावे. त्याची लघवी कधी लालसर किंवा दुधाळ दिसली, तर मुलगी घाबरेल. पाल्याच्या रंगाने आणि चुन्याने ती तशी दिसते, मात्र तो कुंथत असेल किंवा थेंब थेंब होत असेल, तर दाखवून आणावे.

रात्रीच्या मुक्कामाला अर्ध्या इंचाची मजबूत जाळी आणि कडी हवी. मुंगूस आणि साप कोंबड्यांच्या खुराड्याला जसे येतात, तसे येथेही येतील. पावसाळ्यात मागच्या भागाला लेंडी चिकटलेली राहिली, तर माशा तेथे अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या पडतात, म्हणून त्या महिन्यांत रोज उलटून पाहावे.

आणताना एस.टी.ने आणणार असाल, तर सकाळची पहिली गाडी धरा. हवेला छिद्रे असलेल्या टोपलीत खाली गवत अंथरा, त्यावर ओले पालेभाजीचे दांडे ठेवा आणि टोपली इंजिनाजवळ किंवा डिकीत न ठेवता मांडीवर घ्या. घरी आल्यावर पहिले दोन-तीन दिवस, विक्रेता जे खायला घालत होता तेच थोडे थोडे देत, हळूहळू आपल्या गवतावर आणा आणि तेवढे दिवस शेजारपाजारच्या मुलांना पाहायला बोलावू नका.